सावली कोणाच्या मालकीची? सेंट्रल पार्क, उंच मनोरे आणि कायदा

आज आपल्याला सावलीविषयी बोलायचं आहे. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने सावली म्हटलं की लोकांना लगेच प्लेटोची गुहा आठवते. पण आज गुहेत शिरायचं नाही. आज आपण न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये जाणार आहोत, तेही डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी दोनच्या सुमारास.

वेळ मुद्दाम सांगितली. त्या दिवसांत, त्या वेळी तिथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर असतो. शाळेतलं त्रिकोणमितीचं कोष्टक आठवा: सूर्य इतका खाली असला की सावली वस्तूच्या उंचीच्या पावणेतीनपट लांब पडते. उद्यानाच्या दक्षिण कडेपासून दोन रस्ते सोडून, ५७व्या रस्त्यावर, 'सेंट्रल पार्क टॉवर' नावाची इमारत आहे. उंची ४७२ मीटर. जगातली सर्वांत उंच निवासी इमारत म्हणून ती ओळखली जाते. म्हणजे सावली झाली सव्वा किलोमीटरहून अधिक. आता गंमत बघा. मॅनहॅटनचे रस्ते अगदी उत्तर-दक्षिण नाहीत, ते सुमारे २९ अंश कललेले आहेत. उद्यानही तसंच कललेलं. आणि दुपारी दोनला सावलीही तेवढीच कललेली असते. त्यामुळे ती उद्यानात शिरते ती आडवीतिडवी नाही, तर मधोमध भांग पाडावा तशी सरळ वर जाते. उद्यानाची लांबी चार किलोमीटर. पाव भाग या एका सावलीने ओलांडला. तीच इमारत, जून महिना, भर मध्यान्ह: सावली दीडशे मीटरच्या आत, उद्यानापर्यंत पोचतसुद्धा नाही. म्हणजे ऊन नकोसं असतं तेव्हा सावली नाही आणि थंडीत बाकावर बसून ऊन खावंसं वाटतं तेव्हा नेमकी आहे.

तर प्रश्न असा: हे ऊन होतं कोणाचं? आणि ते घेतलं गेलं तेव्हा कोणाला विचारलं गेलं?

थोडं मागे जाऊ. सेंट्रल पार्कचा आराखडा १८५८चा. फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स या दोघांचा. ८४३ एकर जागा. त्या वेळी शहर बरंच दक्षिणेला होतं, उद्यानाभोवती जवळपास माळरानच होतं. तरीही या दोघांनी ओळखलं होतं की शहर चहूबाजूंनी चढत येणार आणि उद्यानाभोवती इमारतींची तटबंदी उभी राहणार. म्हणून त्यांनी कडेने दाट झाडी लावण्याची योजना केली, आत गेलेल्या माणसाला शहर दिसू नये म्हणून. इमारत झाडाइतकी उंच असेल तोवर ही युक्ती चालते. त्यांचा काही दोष नाही. न्यूयॉर्कमध्ये पहिली प्रवासी लिफ्ट एका दुकानात बसली तीच मुळी १८५७ साली, आणि पोलादी सांगाड्याची इमारत तर अजून यायची होती.

आणखी एक गोष्ट याच ठिकाणी सांगायला हवी, कारण 'सार्वजनिक' हा शब्द आपण फार सोवळा करून ठेवतो. ही ८४३ एकर जागा काही रिकामी नव्हती. तिथे सेनेका व्हिलेज नावाची, प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती होती. स्वतःची घरं, चर्च, शाळा असलेली. १८५७पर्यंत ती उठवली गेली. सार्वजनिक हितासाठी भूसंपादन, हे शब्द आपल्या चांगल्याच परिचयाचे आहेत. तेव्हा उद्यान म्हणजे निरागस आणि बिल्डर म्हणजे खलनायक, असा सिनेमा आज आपल्याला लावायचा नाही.

आता कायदा. उजेडाबद्दल इंग्रजांचा जुना कायदा आहे, त्याला 'प्राचीन उजेड' म्हणत. तुमच्या खिडकीत २० वर्षं विनाअडथळा उजेड येत असेल, तर शेजाऱ्याला तो अडवता येत नाही. १८३२च्या कायद्याने ही २० वर्षांची मुदत पक्की झाली. आपल्याकडे १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातही हीच २० वर्षं आहेत. पण अमेरिकेने काय केलं? न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १८३८मध्येच 'पार्कर विरुद्ध फूट' खटल्यात सांगितलं की वाढत्या शहरांच्या देशात हा नियम चालायचा नाही. त्या विचाराचं टोक बघायचं असेल तर १९५९ सालचा मायामी बीचचा खटला बघा. दोन आलिशान हॉटेलं शेजारी शेजारी. एकाने १४ मजली नवी इमारत बांधायला घेतली. हिवाळ्यात दुपारी दोनपासून तिची सावली दुसऱ्याच्या पोहण्याच्या तलावावर पडणार. ऊन विकणारं हॉटेल आणि गिऱ्हाईक सावलीत! कोर्ट म्हणालं, उन्हावर तुमचा कायदेशीर हक्कच नाही, मग हानी कसली?

या सगळ्यात एक बारीक गोष्ट आहे, ती नीट धरून ठेवा. इंग्रजी कायदा उदार वाटतो खरा, पण तो खिडकीला उजेड देतो, अंगणाला नाही. हक्क मिळतो तो इमारतीला. मोकळ्या जमिनीला, बागेला, मैदानाला असा हक्क वहिवाटीने मिळतच नाही. म्हणजे ज्या जागेचं सगळं मोल उजेड आणि मोकळेपण यांतच आहे, तिलाच कायद्यात खिडकी नाही. उद्यानाच्या वतीने बोलायचं तर खासगी मालमत्तेची भाषा अपुरी पडते. ते काम शहराच्या नियमांनाच करावं लागतं.

ते नियम कसे आले? १९१५ साली दक्षिण मॅनहॅटनमध्ये 'इक्विटेबल बिल्डिंग' पुरी झाली. ३८ मजले, रस्त्याच्या कडेपासून सरळसोट वर, कुठेही मागे न सरकता. एकराहून कमी जागेवर बारा लाख चौरस फूट! तिची सावली सुमारे सात एकरांवर पडते असा हिशेब तेव्हा मांडला गेला. शेजारच्या इमारतींचे दिवे दिवसा लागायला लागले, भाडी घसरली. इथे लक्षात घ्या, ओरड केली ती कवींनी नव्हे, घरमालकांनी. त्यातून १९१६चा झोनिंग ठराव आला. अख्ख्या शहराला लागू होणारा अमेरिकेतला असा पहिलाच. तो म्हणाला, बांधा, पण वर जाताना मागे सरका. पायऱ्यापायऱ्यांच्या केकसारख्या दिसणाऱ्या इमारती न्यूयॉर्कच्या जुन्या छायाचित्रांत दिसतात ना, त्या या नियमाने घडवल्या. मात्र त्यात एक दार उघडं होतं: प्लॉटच्या एक चतुर्थांश भागावर मनोरा कितीही उंच नेता येई. एम्पायर स्टेट त्याच दारातून वर गेली.

१९६१मध्ये नियम बदलला आणि मोजमापाचं एककच बदललं. आता आकार नव्हे, तर प्लॉटच्या किती पट बांधकाम करायचं ते ठरणार. आपण ज्याला एफएसआय म्हणतो, चटई क्षेत्र निर्देशांक, तेच हे. एफएसआय म्हणजे एका अर्थी पीठ. तेवढ्या पिठाची जाड भाकरी करा नाहीतर उभी सुरळी करा, नियम फक्त पीठ मोजतो. तुमच्या उत्तरेला काय आहे, शाळा की उद्यान की रेल्वेचं यार्ड, हे तो विचारतच नाही.

त्यात शेजाऱ्याचं न वापरलेलं पीठ विकत घेण्याची सोय. चर्च, जुनं नाट्यगृह, बैठ्या इमारती, यांच्या डोक्यावरची हवा विकत घेता येते. या हवेच्या व्यवहाराला प्रतिष्ठा मिळाली ती १९७८च्या 'पेन सेंट्रल' खटल्यात. ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर मनोरा बांधायला शहराने नकार दिला, मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि हरले. न्यायालयाने जी कारणं दिली त्यांत एक हेही होतं की मालकांना तिथले हक्क जवळपासच्या इतर जागांवर वापरता येतात. निकाल वारशाच्या बाजूचा, आणि आम्हाला तो योग्यच वाटतो. पण पुरातन इमारत वाचवणारं हे हत्यार पुढे उद्यानाच्या कडेला मनोरे उंचावण्यासाठी कामी आलं. हाच टीडीआर १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतून मुंबईत आला, हे जाता जाता.

सावलीचं आंदोलन म्हणून जे सांगितलं जातं ते १९८७चं. कोलंबस सर्कलला, उद्यानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर, शहराच्या मालकीची जागा एका विकासकाला विकायची ठरली. किंमत ४५ कोटी डॉलरच्या वर. दोन जाडजूड मनोरे, त्यांतला मोठा ६८ मजल्यांचा. त्या वर्षी ऑक्टोबरात शेकडो माणसं काळ्या छत्र्या घेऊन उद्यानात रांगेने उभी राहिली आणि सावली जिथून सरकणार तिथे छत्र्या उघडल्या. जॅकलीन केनेडी ओनासिसही या मोहिमेत होत्या. पण खरं काम केलं म्युनिसिपल आर्ट सोसायटीच्या दाव्याने. त्यात न्यायालयाने विक्री रद्द केली, आणि कारण सावली नव्हतं! शहराने जास्त बांधकामाची सवलत रोख पैशाला विकली, हे कारण होतं. नियमन करणाराच नियम विकायला बसला तर त्याला नियमन म्हणायचं कसं? पुढे त्याच जागेवर जोडमनोरे झालेच, पण २२९ मीटरचे, मूळ बेतापेक्षा ५० मीटरहून अधिक ठेंगणे.

आता शेवटचा अंक. २०१४मध्ये ५७व्या रस्त्यावर 'वन५७' ही ३०६ मीटरची इमारत झाली. २०१५मध्ये '४३२ पार्क अव्हेन्यू', ४२६ मीटर. मग '१११ वेस्ट ५७', ४३५ मीटर आणि रुंदी फक्त १८ मीटर, काडीच म्हणा. आणि मग तो सेंट्रल पार्क टॉवर. २२० सेंट्रल पार्क साउथमधलं एक घर २०१९मध्ये सुमारे २४ कोटी डॉलरला गेलं. यांतले हे मनोरे जवळपास सगळे हक्काने उभे राहिले. म्हणजे बांधकाम नियमातल्या आकड्यात बसतंय, मग जनसुनावणी नाही, मतदान नाही, सावलीचा अहवाल नाही. १९८७ साली छत्री उघडायला एक सरकारी निर्णय तरी समोर होता. इथे छत्री उघडायची कुणासमोर?

४३२ पार्कमध्ये तर आणखी एक चलाखी. यंत्रसामग्रीचे मजले एफएसआयमध्ये मोजत नसत. मग काय, ठरावीक मजल्यांनंतर मोकळे, पोकळ मजले घातले. जवळपास पाव उंची त्यांत गेली. वरची घरं तेवढी उचलली गेली, आणि उंचीला भाव. २०१९मध्ये शहराने नियम केला की २५ फुटांहून उंच अशी पोकळी निवासी मनोऱ्यांत बांधकाम म्हणून मोजायची. मुंबईकर हसतायत ते आम्हाला दिसतंय. आपले 'फ्लॉवर बेड' आठवले ना? एफएसआयमुक्त फुलझाडांची जागा, जिच्यात कधी फूल उगवलं नाही, खोलीच वाढली. २०१२मध्ये तीही मोजायला घेतली आणि बदल्यात फंजिबल एफएसआय दिला. माणूस सगळीकडे सारखाच.

आता बिल्डरची बाजू. ती आम्ही वर्गात नेहमी विद्यार्थ्यांकडून प्रामाणिकपणे मांडून घेत असू, आजही मांडू. ते म्हणतात, बारीक मनोऱ्याची सावली बारीक असते आणि ती पळते. खरं आहे. हिशेब करा: ३० मीटर रुंद मनोरा, सहाशे मीटर दूरचा बाक, सावली त्या बाकावर साधारण दहा-बारा मिनिटं राहील. दहा मिनिटांसाठी एवढा गोंधळ? ढग आला तरी तेवढा वेळ जातो.

इथे आमच्या जुन्या धंद्यातली एक गोष्ट उपयोगी पडते. ग्रीक तार्किक युब्युलिडीस याच्या नावावर ढिगाऱ्याचं कोडं सांगतात. गव्हाचा एक दाणा म्हणजे ढीग नव्हे. एक दाणा वाढवल्याने जो ढीग नव्हता तो ढीग होत नाही. मग ढीग होतो कधी? प्रत्येक मनोरा हात जोडून म्हणतो, मी एकच दाणा. प्रत्येक जण खरंच बोलतो. आणि सात-आठ मनोऱ्यांनंतर बाकावर डिसेंबरची दुपार उरत नाही. ज्या नियमाला एका वेळी एकच इमारत दिसते, त्याला ढीग कधीच दिसणार नाही. तर्कशास्त्रात हे कोडं सुटलेलं नाही, पण शहराला ते सुटण्याची वाट बघता येत नाही. त्याला कुठेतरी रेघ मारावीच लागते. रेघ थोडी मनमानी असणारच.

सॅन फ्रान्सिस्कोने ती मारली. जून १९८४मध्ये तिथल्या मतदारांनी 'प्रस्ताव के' मंजूर केला. ४० फुटांहून उंच कोणतीही इमारत शहराच्या उद्यान खात्याच्या जागेवर, सूर्योदयानंतर एक तास ते सूर्यास्तापूर्वी एक तास या वेळात, नवी सावली टाकणार असेल, तर ती सावली नगण्य ठरल्याशिवाय परवानगी नाही. आणि १९८९मध्ये त्यांनी मध्यवर्ती भागातल्या उद्यानांचा चक्क जमाखर्च मांडला. वर्षभरात या उद्यानात जास्तीत जास्त किती ऊन पडू शकतं? एकक: चौरस फूट गुणिले तास. त्यातलं आज किती जातं, आणखी किती जाऊ द्यायचं? काही उद्यानांना टक्क्याचा अंश, काहींना शून्य. ऊन असं वहीत मांडलेलं आम्हाला पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटलं. पण विचार केल्यावर लक्षात येतं की ढिगाऱ्याच्या कोड्यावर एवढंच व्यवहारी उत्तर आहे: दाणा नव्हे, पोतं मोजा.

पण मंडळी, त्या वहीचीही दुसरी बाजू आहे. २०१२मध्ये मध्यवर्ती भागात मोठे मनोरे हवे होते, तेव्हा काही उद्यानांच्या मर्यादा वाढवून घेतल्या गेल्या. ३२६ मीटरचा सेल्सफोर्स टॉवर पुढे तिथेच झाला. आणि २०१९मध्ये एका ६३ घरांच्या इमारतीला शहराच्या प्रतिनिधींनी नकार दिला, का तर शेजारच्या छोट्या उद्यानावर सावली पडते. ज्या शहरात शिक्षकाला, नर्सला घर मिळत नाही तिथे हा नकार! त्या उद्यानाभोवतीची वस्ती गरीब आहे, तिथे दुसरं मैदान नाही, असं नकाराच्या बाजूने सांगितलं गेलं, आणि तेही खोटं नव्हतं. तरी मोठ्यांसाठी वही खोडायची आणि छोट्यांना ती दाखवायची, हे आम्हाला पटलेलं नाही.

बोस्टनने तिसरी वाट धरली. बोस्टन कॉमन हे मैदान १६३४चं. १९९० आणि १९९३मध्ये राज्याने कायदे करून ते आणि शेजारचं पब्लिक गार्डन यांना नव्या सावल्यांपासून संरक्षण दिलं. २०१७ साली शहराला आपल्या मालकीच्या एका जुन्या वाहनतळाची जागा मनोऱ्यासाठी विकायची होती. पंधरा कोटी डॉलरच्या आसपास मिळणार होते, त्यांतले काही कोटी बोस्टन कॉमनच्या डागडुजीला आणि दूरच्या, गरीब वस्तीजवळच्या फ्रँकलिन पार्कला. त्यासाठी सावलीच्या कायद्याला अपवाद करून घेतला. बरोबर की चूक? फ्रँकलिन पार्कमध्ये खेळणाऱ्या मुलाला विचाराल तर बरोबर. निदान तिथे सगळ्यांना दिसेल असा कायदा बदलावा लागला, वाद झाला, नोंद राहिली. ५७व्या रस्त्यावर तेवढंही झालं नाही, आणि आमची मुख्य तक्रार तीच आहे.

आता घरी येऊ. शिवाजी पार्क. १९२५मध्ये माहीम पार्क म्हणून खुलं झालं. १९२७मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने नाव बदललं. सुमारे २८ एकर, भोवती कट्टा, कट्ट्यापलीकडे तळमजला अधिक दोन-तीन मजल्यांच्या इमारती. ही मर्यादित उंची आकाशातून पडलेली नाही. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ला मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा पाठपुरावा केला. कोन विचित्र वाटतो, अर्थ सोपा आहे: समोर जितकी मोकळी जागा, त्याच्या दुपटीहून उंच भिंत नको, म्हणजे खालच्या खोलीतूनही आभाळाचा तुकडा दिसेल. प्लेगच्या भीतीतून आलेला हा कोन दादर-माटुंग्याच्या वस्तीने अंगी मुरवला.

पण न्यूयॉर्कची तक्रार उचलून इथे चिकटवता येणार नाही. मुंबई १९ अक्षांशावर आहे. डिसेंबरात मध्यान्हीला सावली इमारतीच्या उंचीपेक्षा थोडी कमीच पडते, आणि मे महिन्यात शिवाजी पार्कवर क्रिकेट खेळणाऱ्या पोराला सावली मिळाली तर ते बिल्डरला दुवाच देईल. इथे जायची ती वेगळी गोष्ट: समुद्राकडून येणारा वारा, आभाळाचा तो मोठा चौकोन, आणि कट्ट्याच्या भोवती गाड्या किती येणार तो हिशेब. तेव्हा वही ठेवायची असेल तर चौरस फूट-तासांची नको. वाऱ्याची ठेवा, दिसणाऱ्या आभाळाची ठेवा. ऑरसाहेबांच्या कोनात आभाळ मोजण्याची रीत आहेच. ती खोलीच्या खिडकीतून मोजत होती, मैदानाच्या मध्यावरून मोजायला लागेल.

आणि त्या सुनावणीत कोणाला बसवायचं, हेही आत्ताच ठरवायला हवं. २०१२ साली शिवाजी पार्क परिसर वारसा यादीत घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोध करणाऱ्यांत तिथले रहिवासीच मोठ्या संख्येने होते. बाहेरच्याला नवल वाटलं. पण ऐंशी वर्षांची इमारत, लिफ्ट नाही, गच्ची गळते, तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून चढणारी आजी. पुनर्विकास थांबला तर तिला खाली मैदानावर यायचंच जमणार नाही. त्या आजीचं म्हणणं ऑर यांच्या कोनात बसत नाही, आणि बिल्डरच्या जाहिरातीतही ते जसंच्या तसं नसतं.

वेळ संपत आली आहे. प्रश्न घेऊ या. माईक मागच्या रांगेकडून पुढे येऊ द्या, दर वेळी पुढचेच बोलतात.